उत्तर: राउटरला हार्ड डिस्क जोडली की राउटर बंद पडतो

भावा, मोठी फाईल कॉपी करताना राउटर रिस्टार्ट होतो म्हणालास. तेव्हा दिवे बघ. सगळे विझून पुन्हा लागले तर बहुतेक करंट कमी पडतोय. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरचा, ३.० पोर्ट ९०० चा. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना याहून जास्त ओढू शकते. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर त्याच व्होल्टचा, त्याच पिनचा २ अँपिअरवाला लाव. पण त्याने पोर्टची मर्यादा वाढत नाही, म्हणून खरा उपाय स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी). अडॅप्टर नसलेला साधा हब उपयोगाचा नाही.

दिवे चालू, पण वायफाय आणि सेटिंगचं पान गोठलेलं? मग बहुतेक रॅम संपतेय. मीडिया सर्व्हर (डिस्कवरचे फोटो-व्हिडिओ टीव्ही-मोबाईलला दाखवणारी राउटरची सोय) आधी बंद कर. हजारो फोटोंची यादी करताना ६४ किंवा १२८ एमबी रॅमचा राउटर गुदमरू शकतो. एनटीएफएसचा (डिस्कवर फाईली मांडायची विंडोजची पद्धत) भारही प्रोसेसरवर पडतो. राउटरला ईएक्सटी४ (लिनक्सची तशीच पद्धत) चालत असेल तर डेटा दुसरीकडे काढून तसं फॉरमॅट कर, मात्र मग ती डिस्क थेट विंडोजला लावून उघडणार नाही.

खात्रीसाठी त्याच फाईली पेनड्राइव्हवर कॉपी कर. तिथे राउटर टिकला तर संशय डिस्कच्या करंटवरच.

आपल्या कोल्हापूरच्या पावसात लाईट जा-ये करते. छोटा राउटर यूपीएस डिस्कसकट भार झेलेलच असं नाही, त्याचे अँपिअर वाच. आणि डिस्क एनटीएफएसचीच ठेवली असेल तर अशा प्रत्येक झटक्यानंतर ती विंडोज कॉम्प्युटरला लावून चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारं विंडोजचं साधन) चालव.