कॉस्फर्डच्या कॉमेटला दुसऱ्याचे कपडे कशाला?

गगनविहारी
इंग्लंडात कॉस्फर्डला रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात एक डी हॅविलँड कॉमेट उभं आहे. जगातल्या पहिल्या जेट प्रवासी विमानाच्या अगदी पहिल्या पिढीतलं, पंख-इंजिनांसकट अख्खं उरलेलं हे एकच. ते जपायला हवं यात वाद नाही. माझी तक्रार त्याच्या रंगाबद्दल आहे. अंगावर 'बीओएसी' या तेव्हाच्या ब्रिटिश विमान कंपनीचं नाव आणि तिचेच रंग, आणि हे विमान त्या कंपनीच्या प्रवासी सेवेत कधी नव्हतंच! १९५३ मध्ये ते एअर फ्रान्सला मिळालं. १९५४ च्या अपघातांनंतर कॉमेटची उड्डाणं थांबली तेव्हा ते मायदेशी परतलं. मग पत्रा जाड झाला, खिडक्या लंबगोल झाल्या आणि १९६८ पर्यंत ते क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठी वापरात राहिलं. एवढं भरगच्च आयुष्य असताना त्याला दुसऱ्याचे कपडे कशाला? पुढच्या रंगकामात त्याचे स्वतःचे रंग परत द्यावेत असं माझं मत.

नाना_ठाणेकर
गगनराव, मग बीओएसीच्या पहिल्या कॉमेटची आठवण ठेवायची कुणी? २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला निघालेल्या ज्या विमानानं जेट प्रवासी सेवा सुरू झाली, ते 'योक पीटर' १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं. ३५ माणसं गेली. त्याची जुळी भावंडंही आज अख्खी नाहीत. मग जे एक शिल्लक आहे त्यानेच सगळ्यांची बाजू मांडायची. आपल्याकडेही तीच विमानं यायची की! लंडन-कोलंबो मार्गावर मुंबई होती. १९५३ च्या जुलैत तर एकानं सांताक्रूझचा विमानतळ सोडून चुकून थेट जुहूच्या छोट्या धावपट्टीवरच उतरून दाखवलं. तिथून परत उडायला त्याला आठवड्याहून जास्त लागला. ती गोष्ट नातवाला सांगताना मला समोर बीओएसीचं कॉमेट लागतं, चाचणीचं विमान नव्हे.

रिव्हेट
नाना, पण तुम्हाला हवं ते विमान कॉस्फर्डला नाहीच ना. जुहूला उतरलेल्या कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या, कॉस्फर्डच्या लंबगोल. म्हणजे पहिल्या पिढीचं धड, दुरुस्तीनंतरच्या खिडक्या आणि बीओएसीचा रंग, असं प्रवासी विमान आकाशात कधी उडलंच नाही. तुमचा नातू बघेल ते विमान मुंबईला आलेलंच नव्हतं.
चौकोनी खिडक्या बघायच्या तर लंडन कॉल्नीच्या डी हॅविलँड संग्रहालयात जावं लागतं. तिथे पंख नसलेलं नुसतं धड आहे, तेही एअर फ्रान्सचंच. माझ्या मते प्रामाणिकपणात ते बिनपंखी धड उजवं.

मीनाक्षी_पुणे
चौकोनी खिडक्यांमुळेच कॉमेट पडली असं म्हणतात, पण खिडक्यांवर सगळं खापर फोडू नका हो. अपघातांच्या तपासात इंग्लंडातल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून केबिनचा दाब वाढवत-कमी करत राहिले. आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतले फेरे मिळून तीन हजारांच्या आसपास गेल्यावर ते एका खिडकीच्या कोपऱ्याशी फाटलं. पण समुद्रातून काढलेल्या योक पीटरची चीर सुरू झाली होती छतावरच्या ॲन्टेनाच्या झरोक्यापाशी, म्हणजे प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हेच. तो पत्र्याचा तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. कॉमेटनं जगाला शिकवलं ते मेटल फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून धातू तडकणं, आणि ते त्या तुकड्यात आहे. अख्खं विमान सांभाळायला लागणारा हँगर, माणसं, पैसा हे सगळं बघता मला तरी तो तुकडा पुरेसा वाटतो.

गगनविहारी
मीनाक्षीताई, तुकडा म्हणजे अपघाताचा पुरावा, विमान नव्हे. चारही 'घोस्ट' जेट इंजिनं पंखांच्या मुळातच कशी लपवली होती हे पत्र्यावरून कळेल का? १९४९ साली ते पहिल्यांदा उडालं तेव्हा, बाकीचे पंख्यांची विमानं उडवत असताना, हे किती वेगळं दिसत असेल ते पूर्ण आकार समोर असल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. नाहीतर कॉमेट म्हणजे नुसतं 'ते पडणारं विमान' होऊन बसतं. पुढच्या सुधारित कॉमेटांनी कितीतरी वर्षं बिनबोभाट प्रवासी वाहिले.

नाना_ठाणेकर
त्या सुधारितांपैकी एक इंग्लंडातच डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे, तेही बीओएसीच्याच रंगात. ४ ऑक्टोबर १९५८ ला न्यूयॉर्कहून लंडनला आलं ते. त्याला तरी हरकत नाही ना?

गगनविहारी
अजिबात नाही, कारण ते खरंच बीओएसीचं होतं. नंतर मलेशियात गेलं, डॅन-एअर या ब्रिटिश कंपनीत गेलं, त्यातला कोणता काळ दाखवायचा ते संग्रहालयानं ठरवावं. पण तो काळ त्याच विमानाचा असावा एवढंच म्हणतोय.

कॉकपिटवाला
रंगावर भांडताय, इकडे इंजिनं गंजतायत! इंग्लंडातल्या ब्रंटिंगथॉर्पच्या धावपट्टीवरचं 'कॅनोपस' नावाचं कॉमेट बघा. १९९७ मध्ये तिथे उतरलं, कॉमेटचं ते शेवटचं उड्डाण. पुढे कितीतरी वर्षं हौशी मंडळी इंजिनं सुरू करून ते धावपट्टीवर पळवत होती. विमानाचा आवाज ऐकू आला पाहिजे. बाकी सगळं शोकेस.

रिव्हेट
आणि पळवता पळवता एखादा भाग निकामी झाला तर आणायचा कुठून? पहिल्या पिढीतलं अख्खं एकच उरलंय, त्याच्या बाबतीत तरी हा हट्ट नको. शिवाय गगनविहारींनाही सांगतो, रंग खरवडणं सोपं काम नाही. जुन्या थरांखाली कारखान्याच्या खुणा, सूचना असतात. त्या एकदा गेल्या की गेल्या. चुकीचा रंग राहू दे, पण बाजूचा फलक ठळक लावा.

दाबोळीकर
तुमचे वाद श्रीमंतांचे. आमच्या गोव्यात नौदलाच्या विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे पंख्यांचं जुनं प्रवासी विमान आहे, मूळचं एअर इंडियाचं. जेट नव्हे, पण पिढी तीच. बोगमाळ्याचा खारा वारा नि पाऊस अंगावर घेत उघड्यावर उभं. त्याचा रंग कुठल्या काळातला यावर भांडायला आधी डोक्यावर छप्पर पाहिजे. कॉस्फर्डचं विमान आत आहे ना? मग निम्मी लढाई जिंकलात.

नाना_ठाणेकर
दाबोळीकर, छपरासाठी पैसे कुठून येतात? तिकिटातून. आणि तिकीट काढणाऱ्याला ओळखीचं नाव लागतं. बीओएसी म्हटलं की जुने प्रवासी, त्यांची मुलं येतात. चाचणी विमानासाठी कोण वाकडी वाट करून येणार?

गगनविहारी
मी येईन. आणि तुम्हाला सोबत आणीन नाना, त्या लंबगोल खिडक्या दाखवायला.