विषय: कार्कासॉनची एक दिवसाची सहल

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुलूझहून कार्कासॉनला, म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या जुन्या नगरात, जायचं ठरलं आहे. रेल्वेने साधारण तासाभराचा प्रवास. तिथे माहिती सांगायला इंग्रजी बोलणारी गाइड असेल. टेकडीवरच्या जुन्या नगरात शिरायला तिकीट नाही. आतला बालेकिल्ला पाहायला आहे, पण १८ वर्षांखालच्या मुलांना तेही लागत नाही. कोण येणार ते गुरुवारपर्यंत कळवा.

उत्तर: एक ज्येष्ठ सभासद

समितीस नमस्कार. मी पूर्वी एकदा जाऊन आलो आहे. ते टोकदार छपरांचे बुरूज एकोणिसाव्या शतकात नव्याने उभे केलेले. ज्याने रायगडावरची उघडी जोती पाहिली आहेत, त्याचं मन तिथे रमत नाही. शिवाय सगळा वेळ दुकानांच्या गल्लीत गेला. गाइडवर खर्च कशासाठी?

उत्तर: सहल समिती

काका, पहिल्या खेपेला मलाही अगदी असंच वाटलं होतं. म्हणूनच सहलीआधी रस्ता पाहून ठेवायला गेले तेव्हा गाइडला सांगितलं, आधी दुकानं नकोत, तट दाखवा.

इथे तट दोन आहेत, आतला कोट आणि बाहेरचा पडकोट, मिळून सुमारे तीन किलोमीटर आणि ५२ बुरूज. मधल्या मोकळ्या पट्टीला ‘लीस’ म्हणतात. तिथून चालताना भिंत वाचता येते. लहान दगडांचे थर आणि मध्येच विटांचे लाल पट्टे दिसले की ते रोमन काम. त्या बुरुजांची बाहेरची बाजू गोल, आतली सपाट. पडकोट तेराव्या शतकातला, फ्रान्सच्या राजाने बांधवलेला. नार्बोनेज या मुख्य दरवाज्याचे जुळे बुरूज त्याच शतकाच्या अखेरचे. त्यांच्या दगडांचा मधला भाग मुद्दाम फुगीर ठेवला आहे. एकदा डोळ्याला सवय झाली की मुलंसुद्धा शतकं ओळखतात.

आता छपरांचं. १८५० च्या सुमारास हा तट पाडून दगड विकायची वेळ आली होती. क्रो-मेरव्हिएय हे गावातलेच इतिहासाचे अभ्यासक आणि मेरिमे हे लेखक तो वाचवण्यासाठी झगडले. १८५३ पासून व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने डागडुजी हाती घेतली. त्याने उतरत्या छपरांवर पाटीचा दगड घातला, तो उत्तर फ्रान्सकडचा, इथला नव्हे, म्हणून तेव्हापासून वाद आहे. तुमचा आक्षेप तिथे खराच आहे. पण खालच्या भिंती त्याच्या नाहीत, आणि तो नसता तर त्याही उरल्या नसत्या. लीसमध्ये गरीब विणकरांची घरं होती, ती मात्र या कामात पाडली गेली. गाइड हेही सांगते, म्हणून मला ती हवी आहे.

आणि १२०९ साल. पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धाच्या सैन्याने नगराला वेढा घातला. वेढ्यात विहिरी आटल्या, ऑगस्टमध्ये नगर शरण आलं, लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. नगराचा सरदार त्रँकाव्हेल, जेमतेम चोवीस वर्षांचा, त्याच नोव्हेंबरात कैदेत मरण पावला. त्याच्याच बालेकिल्ल्याच्या अंगणात उभं राहून हे ऐकताना माझ्याने बोलवेना.

दुकानांची गल्ली आपण शेवटी, फक्त बाहेर पडताना घेऊ.

उत्तर: एक सभासद

ताई, आमचे आई-बाबा पुण्याहून आले आहेत. आईंचे गुडघे दुखतात. त्यांना जमेल का? घरी एकटं ठेवणं जिवावर येतं.

उत्तर: सहल समिती

नक्की आणा. ओद नदीच्या बाजूचा दरवाजा फार चढाचा आहे, तिकडून जायचंच नाही. नार्बोनेज दरवाज्याकडून चढ कमी आहे आणि तिथपर्यंत बसने जाऊ. फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवर, चढायचे जिने अरुंद आहेत, ते मात्र आईंनी टाळावेत. तेवढा वेळ सँ-नाझेर चर्चमध्ये बसता येईल. तिथल्या रंगीत काचा तेराव्या-चौदाव्या शतकातल्या आहेत, आणि ऊन असलं की खाली फरशीवर रंग उतरतात. फक्त त्यांच्यासोबत कोणीतरी हवं.

उत्तर: एक ज्येष्ठ सभासद

समितीस,
माझं आणि हिचं, दोन नावं घ्या. त्या विटांचे पट्टे मी पाहिलेच नव्हते. लीसमधली फेरी सगळ्यांबरोबर करीन. फांजीवर तुम्ही चढाल तेव्हा आईंपाशी चर्चमध्ये आम्ही दोघं बसू. त्यांच्या सुनेने निवांत वर जावं. सकाळी स्टेशनवर किती वाजता जमायचं तेवढं कळवा.