वर्गात टीव्ही आलाय, आता थिअरी कुठली धरू?

नवीबाई_सोलापूर
नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात एका शाळेत विज्ञान शिकवते. बी.एड. नुकतंच झालंय, त्यामुळे मुलं कशी शिकतात याच्या थिअऱ्या मांडणारे स्किनर, पियाजे, वायगॉट्स्की अजून तोंडपाठ आहेत. यंदा एका देणगीदारानं वर्गाला मोठा टीव्ही दिला. लावला की पोरं चिडीचूप, मुख्याध्यापक खूश. दुसऱ्या दिवशी विद्युत परिपथावर साधा प्रश्न विचारला की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, व्हिडिओतलं पुस्तकी मराठी त्यांच्या डोक्यावरून जातं. टीव्ही वापरताना नेमकी कुठली थिअरी धरायची? की त्या परीक्षेपुरत्याच?

कडक_भाकरी
थिअरी राहू द्या ताई. आपल्याच जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले सरांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. कोड स्कॅन करा, व्हिडिओ लावा, विषय संपला.

खडूफळा
कडक_भाकरी, संपला कसा? कोड व्हिडिओपर्यंत नेतो. पुढं पोरानं काय करायचं ते कोण ठरवणार, कोड?

ताई, आधी थिअरी धरून टीव्ही तिच्यात बसवायला जाऊ नका. टीव्ही चालू असताना पोरांचे हात आणि तोंड काय करतायत ते बघा, म्हणजे कुठला बाबा कामाला येतो ते कळतं.

स्किनरचंच घ्या. १९५४ च्या सुमारास त्यानं शिकवायचं यंत्र मांडलं. छोटा प्रश्न, उत्तर पोरानं स्वतः लिहायचं, मग बरोबर उत्तर उघडून ताडून बघायचं. चार पर्याय द्यायला त्याचा विरोध होता, कारण चुकीची उत्तरंही डोळ्यांपुढं येतात. आणि आपली क्विझची ॲपं? आमचा एक पठ्ठ्या हिरवा रंग येईपर्यंत अ, ब, क, ड बोट मारत जातो आणि टाळ्या वाजल्या की कॉलर ताठ! त्याला स्किनरचं नाव देणं म्हणजे स्किनरवर अन्याय. प्रश्न टीव्हीवर दाखवा, उत्तर वहीत लिहू द्या, मगच पुढची स्लाइड.

परिपथाला पियाजे बरा. एका रांगेत दोन बल्ब जोडायचे आणि बटण दाबायच्या आधी विचारायचं, जास्त उजेड कुणाचा? निम्मा वर्ग तरी म्हणतो, सेलजवळचा. वीज आधी त्याला मिळते, उरलेली पुढच्याला. वहीत लिहून घ्या, पैज लावू द्या. मग दोन्ही सारखेच पेटतात आणि पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. डोक्यातला जुना हिशेब चुकला की नवीन बसायला जागा होते, पियाजेचं म्हणणं साधारण हेच. मात्र दोन्ही बल्ब एकाच खोक्यातले घ्या. वेगवेगळ्या व्होल्टेजचे निघाले तर पोरंच बरोबर ठरतात आणि आपली पंचाईत होते.

टीव्ही आणायचा तो यानंतर. तारेतून काय वाहतंय ते डोळ्यांना दिसत नाही, ते दाखवायला कोलोरॅडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, चांगली आहेत, फुकट आहेत. ती डाउनलोड करून ठेवली की नेट लागत नाही. पण बल्ब पेटवायचं काम व्हिडिओवर सोपवू नका, ते पोरांच्या हातात द्या.

आणि तेलुगू. वायगॉट्स्की १९३४ सालीच गेला, पण पूर्व भागातल्या वर्गात मला सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडला. एकट्याला जमत नाही ते जाणत्याच्या मदतीनं जमतं, हे त्याचं सूत्र. व्हिडिओ दोन मिनिटांनी थांबवा, शेजारच्याला समजावून सांगायला लावा, तेलुगूत सांगितलं तरी चालेल. एक मुलगी शेजारणीला हातवारे करून तेलुगूत सांगत होती, मधेच ‘परिपथ’ तेवढा मराठीत. मला बाकीचं कळलं नाही, शेजारणीला सगळं कळलं. नंतर तिनं फळ्यावर आकृती बरोबर काढली.

नवीबाई_सोलापूर
सर, पैजेचं उद्याच करते. पण असं थांबत थांबत घेतलं तर तासात अर्धाच व्हिडिओ होईल. पोर्शनचं काय? आणि वर्गात गलका झाला की मुख्याध्यापक दारात येतात.

खडूफळा
अर्धाच घ्या. व्हिडिओत सुरुवातीचं संगीत आणि ‘चला तर मुलांनो’ काढलं तर उरतं किती? घरी आधी बघून ठेवा, कामाची तीन-चार मिनिटं हेरा, तेवढीच लावा. मुख्याध्यापक आले तर त्यांनाही विचारा, कुठला बल्ब जास्त पेटेल. आमचे चुकले होते, तेव्हापासून गलक्याची तक्रार नाही.

एक सांगायचं राहिलं. बल्बशिवाय नुसती तार सेलच्या दोन्ही टोकांना लावायला कुणी ना कुणी बघतंच. तार तापते, बोट भाजतं. पहिल्या बाकावरच्यांवर लक्ष ठेवा, मागचे त्यांचं बघून करतात.