जुन्या ढंगाची नवी गाडी घ्यायचीय, सल्ला हवा

ए-१०४: नमस्कार मंडळी. गोल हेडलाइट, टाकीवर क्रोम, पण बटणावर सुरू होणारी गाडी घ्यायचीय. रोज सोलापुरात होटगी रोडला कामावर, महिन्यातून एक-दोनदा हिला घेऊन अक्कलकोट. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० मनात भरलीय. कुणाचा अनुभव?

सी-३०१: माझी होंडा हायनेस सीबी ३५० आहे दादा. कधीही चालवून बघा, चावी आईकडे असते.

बी-२०२: ट्रायम्फ स्पीड ४०० बघ की. चाकणला बजाज बनवते, ४० पीएस ताकद. पुणे हायवेला नुसती पळते.

ए-१०४: बघितली, आवडली पण. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यापुढे ४०. ती ३९८ सीसीची. आणि सात रस्त्याच्या गर्दीत एवढी ताकद वापरू कुठे?

बी-४०१ काका: बाळा, क्लासिक चांगलीच आहे, पण शोरूममध्ये नुसतं बसून ठरवू नकोस. माझ्याकडे २३ वर्षं येझदी होती. म्हैसूरच्या आयडियल जावाची, टू-स्ट्रोक, २५० सीसी. तिच्या किकचाच दांडा पुढे वळवला की गिअरचा व्हायचा. नवा माणूस बघतच राहायचा. गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत पहाटे चार-पाच किका माराव्या लागायच्या, पण ढकलायला हलकी. आजची क्लासिक १९५ किलोची. इंजिनाची थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट असल्यानं जुन्या बुलेटसारख्या हाताला मुंग्या येत नाहीत, पळताना वजनही जाणवत नाही. वजन कळतं ते आपल्या बेसमेंटमध्ये. तुझी जागा खांबाला तोंड करून, उतारावर. तिथनं गाडी रोज मागं, चढावर ओढायची. आधी सीबी तिथं लाव आणि एकट्यानं बाहेर काढून दाखव. ती १८१ किलोची आहे, क्लासिक त्याहून १४ किलो जास्त.

सी-३०१: खरंय काका. मी आता उलटी लावतो, तोंड बाहेर.

बी-४०१ काका: आणि चाचणी मे महिन्यातली समजून घे. आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. एअर-कूल्ड इंजिन, सिग्नलला थांबलं की पोटरीला झळ लागते. कूलंटवाली हवी असेल तर आताची जावा तशी आहे.

बी-४०१ काकू: ह्यांनी मागच्या माणसाचं काहीच सांगितलं नाही. येझदीची सीट लांब, एकसंध होती. धाकटी मध्ये बसायची, तुळजापूरचा घाट चढलोय तिघं. नव्या गाड्यांत मागची सीट तोकडी असू शकते. वहिनीला साडी नेसून बसवा, पाय नीट टेकतात का, धरायला कुठं आहे ते बघा. अक्कलकोट जवळपास ४० किलोमीटर आहे, कंबर धरली तर दुसऱ्यांदा येणार नाही ती.

ए-१०४: काकू, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

ए-२०३: एक पैशाचं. गेल्या वर्षी मला शोरूमनं न विचारता क्रॅश गार्ड, सीट कव्हर आणि कोटिंग बिलात घातलं. भांडून काढायला लावलं, पण अर्धा दिवस गेला. कोटेशनची ओळ न ओळ विचारा. थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, पण कंपनी तुमच्या पसंतीची निवडता येते.

बी-२०२: हे महत्त्वाचं. सेव्ह करून ठेवतो.

ए-१०४: आत्ताच सीबी खांबाजवळ लावून ओढून बघितली. पहिल्यांदा पाय घसरला, दुसऱ्यांदा निघाली. कपाळावर घाम आला. हिनं मागं बसून सांगितलं, सीट बरी आहे, पण धरायचा दांडा आणखी उंच हवा. उद्या क्लासिकची टेस्ट राइड, हिला घेऊनच. काका, तुम्ही याल का?

बी-४०१ काका: येतो की. सकाळी नको, दुपारी एकला जाऊ. इंजिन चांगलं तापू दे.

बी-४०१ काकू: टोपी घालून जा म्हणावं.