फोर बाय फोर गाडी: आधी लिफ्ट, टायर की विंच?

आडवाटेचा

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका. जुनी पण ठणठणीत फोर बाय फोर घेतलीये, लॅडर चासी (शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा), डिझेल, मॅन्युअल, मागे सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) आणि पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलतं), लो रेंज (हळू पण जोरात ओढणारे गिअर) आहे पण लॉकर (डाव्या-उजव्या चाकांना एकत्र फिरवणारं कुलूप) एकही नाही आणि ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे तर नाहीच. टायर २४५/७० आर १६, कंपनीचेच हायवेवाले, तेही आता संपत आलेत. हीच गाडी रोज ऑफिसलाही नेतो, सुट्टीला कच्चे रस्ते, चिखल, नदीपात्रं, थोडे दगड. बहुतेक वेळा एकटीच गाडी असते, सोबत दुसरी नसते.

डोक्यातली यादी: दोन इंची लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं), मड टायर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), लोखंडी बंपर, स्नॉर्कल (इंजिनला हवा वरून घ्यायचा पाइप), रूफ रॅक आणि त्यावर लाइटबार. सगळं एकदम झेपणार नाही हे उघडच आहे, आत्ता दोन-तीन गोष्टी, बाकी पुढे बघू. व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय, जो तो म्हणतो आधी हेच कर. गॅरेजवाला म्हणतो लिफ्टपासून सुरू करा म्हणजे मोठे टायर आपोआप बसतील. पटत नाहीये पण का पटत नाही तेही सांगता येत नाहीये. तुम्ही काय केलं असतं?

---

लो_रेंज

टायर. डोळे झाकून टायर, त्यातही तुमचे संपलेतच म्हणताय तर प्रश्नच मिटला.

पण मड टायर नको. रोज ऑफिसला नेताय ना, मग ऑल टेरेन घ्या. मड टायरचे ठोकळे मोठे आणि लांब लांब असतात, चिखल बाहेर फेकायला ते भारी, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी घसरत जाते, आवाज करतात आणि लवकर झिजतात. आठवड्यातले पाच दिवस डांबरावर आणि दोन दिवस मातीत असा हिशोब असेल तर ऑल टेरेन पुरून उरतात. घेताना साइडवॉल किती मजबूत आहे ते बघा, दगडात टायर फाटतो तो बहुतेकदा बाजूनेच.

साइजबद्दल, २४५/७० आर १६ चा व्यास पडतो साधारण ७४९ मिमी. २६५/७० आर १६ घेतलात तर ७७७. म्हणजे गाडी वर उचलली जाते फक्त १४ मिमी, कारण वाढलेल्या व्यासातला अर्धाच खाली येतो. याच्यामुळे मीटर जवळपास ४ टक्के कमी दाखवणार आणि गिअरिंगही तेवढंच लांब होणार, म्हणजे चढाला लो रेंज फर्स्टमध्ये गाडी आधीपेक्षा थोडी जास्त पळायला बघेल. हा साइज बऱ्याच गाड्यांत लिफ्टशिवाय बसतो पण स्टिअरिंग पूर्ण वळवून, सस्पेन्शन दाबून घासतंय का ते बघूनच पैसे मोजा. आणि पाचही टायर एकाच मापाचे घ्या, स्टेपनी सोडू नका! फोर बाय फोरला लहान-मोठे व्यास एकत्र चालवले की ड्राइव्हट्रेनवर विनाकारण ताण येतो. मोठी स्टेपनी खालच्या जागेत मावते का हेही आधी बघा, तिथे बरेच जण अडकतात.

आणि टायरबरोबरच एक बऱ्यापैकी कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज. याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही, खोटं वाटेल पण हवा कमी करणं हाच सगळ्यात मोठा अपग्रेड आहे. हायवेला ३२-३५ पीएसआय असेल तर खडीच्या कच्च्या रस्त्याला २५-२६, वाळूत १५ ते १८. हवा उतरली की टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो आणि जमिनीला धरून बसतो. १२ च्या खाली बीडलॉक (टायरची कड रिमला घट्ट धरणारी कडी) नसताना जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटू शकतो. आणि डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची, कमी हवेवर वेगात पळवलं तर टायर तापून फुटतो.

---

वाळूवाली

लो_रेंजशी सहमत, फक्त एक भर. टायरच्या बरोबरीने रिकव्हरी पॉइंट, म्हणजे अडकलेली गाडी ओढायला दोर लावायची जागा. पुढे एक मागे एक, चासीला बोल्ट केलेले, ज्यांच्यावर रेटिंग लिहिलंय असे. कंपनीच्या गाडीला खाली जे हुक दिसतात ते बऱ्याचदा गाडी जहाजावर किंवा ट्रेलरवर बांधून न्यायला दिलेले असतात, झटक्याने ओढायला नाही.

आणि कृपा करून टोबॉलला दोर अडकवू नका, कोणी कितीही म्हणालं तरी. तो ट्रेलर ओढायला बनवलाय, झटक्याच्या ताणात तुटला की गोळ्यासारखा उडतो आणि अशाने माणसं मेलेली आहेत. मागे टो हिचचा रिसीव्हर (टोबॉल ज्या चौकोनी नळीत बसतो ती) असेल तर बॉल काढून त्यात रिकव्हरी हिच बसवता येतो.

बाकी सामान थोडं: एक कायनेटिक दोर (हा ताणला जातो, साधारण ३० टक्क्यांपर्यंत, त्यामुळे झटका कमी बसतो), दोन सॉफ्ट शॅकल (दोर अडकवायच्या दोराच्याच कड्या), एक फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या). पण तुम्ही म्हणताय गाडी एकटीच असते. मग कायनेटिक दोर धरून ओढणार कोण? तुमच्यासाठी बोर्ड आणि फावडं आधी. अर्धं काम खणण्यातच असतं, लोक खणायचा कंटाळा करतात आणि अॅक्सिलरेटर दाबून गाडी अजून खोल घालतात.

---

ग्रीसचे_हात

गॅरेजवाल्याचं म्हणणं का पटत नाही ते सांगतो.

मागे सॉलिड अॅक्सल आहे ना, मग लिफ्ट केल्याने डिफरेन्शियल (डिफ, दोन चाकांना फिरकी वाटून देणारा गिअरचा गोळा) एक मिमीसुद्धा वर जात नाही. बॉडी वर जाते, चासी वर जाते, पण तो मधला गोळा टायरच्या व्यासावरच लटकलेला असतो. म्हणजे ज्या दगडावर आज मागचा डिफ आपटतोय तो लिफ्ट करूनही तिथेच आपटणार. पुढे इंडिपेंडंट असल्याने तिथे डिफ वर जातो खरा, पण ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंट (चाकाला फिरकी देणारा वाकता सांधा) आणि त्याचे रबरी बूट लवकर जातात. दोन इंच ही बहुतेक गाड्यांत सोसण्यासारखी मर्यादा, त्याच्यावर गेलात की अप्पर आर्म, डिफ ड्रॉप, ब्रेकचे होज अशी बदलायच्या भागांची शेपटी लागते. आणि नुसता स्पेसर (स्प्रिंगवर ठेवायचा ठोकळा) टाकून केलेली लिफ्ट तर सोडाच, त्याने ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली हालचाल) वाढत नाही, उलट पुढचं चाक खाली लोंबायला जी जागा होती ती कमी होते.

पण खरं कारण दुसरंच आहे. स्प्रिंग निवडायची ती वजनावर. आज रिकाम्या गाडीला मऊ लिफ्ट स्प्रिंग टाकलीत आणि सहा महिन्यांनी पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावलीत की पुढच्या अॅक्सलच्याही पुढे सहज ८०-१०० किलो वाढले, गाडी नाक खाली घालून बसणार, लिफ्ट गेली पाण्यात, परत नवीन स्प्रिंग. उलट आत्ताच हेवी स्प्रिंग टाकली तर रोज ऑफिसला जाताना बैलगाडी. म्हणून आधी ठरवा गाडीवर कायमचं काय काय चढणार आहे, ते चढवा, वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा तोलून घ्या, मग त्या आकड्याला स्प्रिंग आणि शॉक. लिफ्ट शेवटी.

वजनाचा हिशोबही एकदा कागदावर मांडा. समजा गाडी १९०० किलो आणि कंपनीने दिलेली एकूण मर्यादा २५००. उरले ६००. पाच माणसं ७५ ची धरली तर ३७५ तिथेच गेले. उरलेल्या २२५ मध्ये बंपर, विंच, रॅक, पाणी, सामान, सगळं. भरत आलं ना? आणि छताची मर्यादा वेगळी, चालत्या गाडीला ती बरीच कमी असते, शिवाय वरचं वजन आडव्या उतारावर गाडी उलटायला मदत करतं.

---

दगडधोंडा

ग्रीसचे_हात, सगळं मान्य पण लिफ्टला इतकं पण झोडपू नका राव. डिफ वर जात नाही हे खरं, पण अॅप्रोच अँगल, डिपार्चर अँगल (पुढून आणि मागून गाडी न टेकता जमणारा कोन) आणि मधला पोटाचा कोन हे तिन्ही वाढतात. लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) गाडी असेल तर बांधावर पोट टेकून चारही चाकं हवेत अशी गंमत होते, तिथे टायर कितीही भारी असू दे. दगडात जाणाऱ्याला लिफ्ट लागतेच.

---

ग्रीसचे_हात

@दगडधोंडा हो, पण ते "थोडे दगड" म्हणालेत. तेवढ्याला खाली स्किड प्लेट (तळ झाकणारा जाड पत्रा) आणि चासीला बोल्ट केलेले स्लायडर (दारांखालचे मजबूत पाइप) लावले तर पोट टेकलं तरी गाडी सरकून जाते. (दारापाशी पाय ठेवायच्या पाइपला स्लायडर म्हणून विकतात, ते नुसत्या पत्र्याला धरलेले असतात, दगडावर बसले की वाकून दारच जाम करतात.)

---

आडवाटेचा

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, आभारी आहे सगळ्यांचा. वाळूवाली ताई, मग एकटा असतो म्हणून विंच आधी घेऊ का? आणि स्नॉर्कलचं काय, आणि लॉकरबद्दल कोणीच बोललं नाही.

---

वाळूवाली

विंच हवी, पण टायर, पॉइंट, बोर्ड झाल्यावर. क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट धरतात. २५०० किलोला ३७५० किलो, म्हणजे साधारण ८३०० पाउंड, त्यामुळे ९५०० पाउंडवाली बरी. तो आकडा ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराचा असतो, दोर पूर्ण गुंडाळलेला असताना ओढ साधारण एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त घटते. म्हणून स्नॅच ब्लॉक (दोर वळवून परत आणायची कप्पी) घ्याच, ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. दोर सिंथेटिक घ्या, तुटला तर लोखंडी दोरासारखा चाबूक मारत नाही, फक्त उन्हापासून आणि दगडाच्या कडेपासून जपावा लागतो. आणि बॅटरी धड पाहिजे, पूर्ण ताणात विंच ४०० अँपिअरच्या आसपास खाते, इंजिन चालू ठेवूनच वापरायची.

---

ग्रीसचे_हात

लॉकर: एक चाक हवेत गेलं की ओपन डिफ (लॉकर नसलेला) सगळी फिरकी त्याच चाकाला देतो आणि जमिनीवरचं चाक नुसतं बघत बसतं. तुमच्याकडे ट्रॅक्शन कंट्रोलही नाही, तर मागच्या लॉकरने गाडी बदलून जाईल, माझ्या मते लिफ्टच्या कितीतरी आधी. फक्त मागचा. पुढचा लॉक केला की स्टिअरिंग वळायला नको म्हणतं. डांबरावर लॉक ठेवून वळू नका.

स्नॉर्कलच्या आधी ब्रीदर, म्हणजे डिफ-गिअरबॉक्सच्या आतली हवा ये-जा करायचं तोंड. गरम झालेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेतो. दोन्ही डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), सगळ्यांचे ब्रीदर पाइपने वर इंजिनच्या खोलीत आणा, काम स्वस्त आणि अर्ध्या दिवसाचं. पाण्यातून आल्यावर ऑइल दुधाळ दिसलं की समजा पाणी गेलं. स्नॉर्कल लावलात तर एअरबॉक्सपर्यंत (एअर फिल्टरच्या पेटीपर्यंत) प्रत्येक जोड सीलबंद पाहिजे, बॉक्सच्या तळाचं पाणी निघायचं भोकसुद्धा, नाहीतर तो नुसता शोभेचा पाइप आणि पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतोच.

---

लो_रेंज

लाइटबार छतावर नको, बॉनेटवरून उजेड परत डोळ्यात येतो. बंपरच्या उंचीला दोन छोटे लावा, धुळीत-धुक्यात पिवळे बरे, पांढरा उजेड समोर भिंत उभी करतो. आणि रिले (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच) टाकून वायरिंग करा, थेट स्विचवर नको. टायर कुठले घेताय ते इथे टाका, साइडवॉलवर काय काय लिहिलंय ते वाचून सांगतो.