पुण्यातली घरपट्टी: उगाच लोकांना घाबरवू नका

कोथरूडची मेधा:
काल इथे डोंबिवलीकरांनी लिहिलं, “मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंत घरपट्टी माफ, पुण्यात दुप्पट बिल. येऊ नका.” वाचून डोकं फिरलं. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर आकारणी, पुण्यात वार्षिक करपात्र रकमेवर, म्हणजे घराला वर्षाला किती भाडं येईल त्या अंदाजावर. दोन बिलं शेजारी ठेवून दुप्पट कसं ठरवलंत? पुण्यात स्वतः राहत असाल तर करपात्र रकमेत 40 टक्के सवलत आहे. मधे काढून घेतली होती, 2023 मध्ये परत मिळाली. त्यासाठी पीटी-3 अर्ज लागतो. भरलात का?

डोंबिवलीकर:
नाही भरला. स्वतःच्या घरात राहतो याचे पुरावे का द्यायचे? माफी म्हणजे माफी, मुंबईसारखी!

मेधा:
भाड्याने दिलेल्या फ्लॅटलाही सवलत द्यायची का मग? गॅसचं कार्ड, मतदार ओळखपत्र जोडायला एवढा त्रास?

उंड्रीचा राजू:
सवलतीचं कौतुक पुरे, पाण्याचं बोला. आमच्या बिल्डरने बारमाही पाणी सांगून फ्लॅट विकले. बोअर आटली, आता मेंटेनन्समधला मोठा वाटा टँकरवाल्याला जातो. पाणी नाही तर घरपट्टी कशाची?

मेधा:
रस्ते, दिवे, कचरा फुकट होतो का?

राजू:
कोथरूडच्या नळाला पाणी येतं, म्हणून सुचतंय! रात्री टँकरचा पाइप टाकीत सोडायला उभ्या राहा एकदा.

डोंबिवलीकर:
राजूभाऊ, अगदी बरोबर.

हडपसरचे काका:
अरे, भांडता काय? गाव पालिकेत आलं की कर एकदम चढत नाही, टप्प्याटप्प्याने वाढतो. एजंट ग्रामपंचायतीची जुनी पावती दाखवतो, माणूस भुलतो. माझ्या पुतण्याने जुना फ्लॅट घेतला, आधीच्या मालकाची थकबाकी त्याच्याच गळ्यात पडली. दरमहा 2 टक्के शास्ती वेगळी. खरेदीखतावर सही करण्याआधी मिळकत क्रमांक घ्या, थकबाकी बघा, चालू वर्षाची पावती हातात घ्या.

डोंबिवलीकर:
काकांचं पटलं. पीटी-3 पण भरतो. पण बिल जास्तच आहे, हे मी मागे घेणार नाही.

राजू:
आणि पाण्याचं?

मेधा:
पाण्याचं तुमचं खरं आहे. पण त्याचा राग घरपट्टीवर काढून थकबाकी वाढवू नका.