पायलट बुश ठोकल्यावर शाफ्ट आत जाईना

प्रश्न: जुन्या गाडीच्या क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकात ब्राँझचा नवा पायलट बुश ठोकला, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती छोटी नळी. हातात असताना तो इनपुट शाफ्टच्या टोकावर छान फिरत होता. आता गिअरबॉक्स शेवटचा अर्धा इंच सरकतच नाही. बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाचे) बोल्ट आवळून ओढून घेऊ का?

उत्तर १: अजिबात नको. बुशची कड उलटेल, क्लच प्लेटचा हब वाकेल, नाहीतर हाउसिंगचा कान तुटेल. प्लेटचं सेंटरिंग चुकलं तरी हेच लक्षण दिसतं, म्हणून आधी क्लच पूर्ण उतरवून नुसता बॉक्स सरकवून पाहा. तरीही अडला तर दोष बुशचा. दाबून बसवताना बुशचं भोक आवळतं. मोकळा असताना फिरला याला काही अर्थ नाही. बसवल्यावर भोक शाफ्टच्या टोकापेक्षा साधारण ०.०२५ ते ०.०७५ मिमी मोठं भरायला हवं.

प्रश्नकर्ता: क्लच काढून पाहिला, टोक बुशच्या तोंडाशीच अडतंय. पॉलिश पेपर मारू?

उत्तर २: पेपर नको, त्याचे कठीण कण ब्राँझमध्ये रुततात आणि मग शाफ्टच घासत बसतात. हातोडी थेट बुशवर मारली होती का? मग तोंड दबलं असणार. तो काढून नवाच घाला.

काढायला भोकात ग्रीस ठासा, घट्ट बसणारा दांडा घालून ठोका. ग्रीस मागे जाऊन बुशला बाहेर ढकलतं. (दांडा सैल असला तर ग्रीस तोंडावर उडतं.) नंतर मागचं सगळं ग्रीस पुसा, नाहीतर तेच नव्या बुशला पूर्ण बसू देत नाही.

नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. पायरीचा ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) वापरा: पुढचा भाग शाफ्टच्या टोकाएवढा, मागचा खांदा बुशच्या कडेवर. आतून उतार दिलेली बाजू गिअरबॉक्सकडे.

उत्तर ३: असा बुश ब्राँझच्या भुकटीचा, बारीक छिद्रांचा असेल तर फ्रीझरआधी त्याला तेल पाजा. बुशचं एक तोंड अंगठ्याने बंद करा, इंजिन ऑइल भरा, दुसऱ्या अंगठ्याने दाबा. बाहेरच्या अंगावर घामासारखे थेंब आले की झालं. भोकात ग्रीस मात्र लावू नका, छिद्रं बुजतात. आणि बुशला चुंबक लावून पाहा. चिकटला तर तो लोखंडी भुकटीचा आहे, शाफ्ट खातो.

बॉक्स चढवताना वजन जॅकवरच राहू द्या. शाफ्टवर लटकला की नवा बुश पहिल्याच दिवशी लंबगोल.